छोट्या रणगाड्यांना सोलापूरचे ऊन सोसते, थिनर सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत उन्हाळी सुट्टीतल्या छंदांवर आलेल्या लेखात युद्धखेळासाठी छोटे रणगाडे आणि सैनिक तयार करण्याचाही उल्लेख होता. टेबलावर मैदान मांडायचे आणि फुटपट्टी, फासे घेऊन लढाई खेळायची, हा प्रकार मराठी वाचकांपुढे आला याचा आनंद आहेच. पण त्यातली दोन वाक्ये तशीच राहिली तर मुलांचे पैसे पाण्यात जातील. ‘हार्डवेअरच्या दुकानातला कोणताही स्प्रे आणि थिनर चालतो’ हे एक, आणि ‘बाकी सगळे व्हिडिओत दाखवतात तसे करावे’ हे दुसरे. पहिले साफ चूक आहे. दुसरे इंग्लंड-जपानच्या हवेत बरोबर असेल. एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात नाही.

या किटमधले प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. गाड्यांच्या ड्यूको रंगात घालतात ते एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर त्याला विरघळवते, आणि तेही लगेच लक्षात येईल असे नाही. आधी पृष्ठभाग चिकट राहतो, मग इंजिनावरच्या जाळीच्या रेषा भरून येतात, वेल्डिंगचे उठाव बोथट होतात, तोफेची बारीक नळी दुसऱ्या दिवशी किंचित वाकलेली दिसते. बोल मात्र उन्हाला लागतो. नवा रंग किंवा थिनर आधी स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, लावून पाहावा. दहा मिनिटांनी नखाने खरवडल्यावर प्लास्टिक मऊ लागले तर ती बाटली रणगाड्याच्या वाऱ्यालाही उभी करू नये. गॅरेजवाल्यांचा करडा प्रायमर-सरफेसर स्प्रे चालतो, पण भुरभुरता मारलेल्या दोन-तीन पातळ हातांनीच. एकदम ओला हात दिला की त्यातले सॉल्व्हंटही प्लास्टिक खाते. टर्पेंटाइन त्यामानाने सौम्य आहे. तरी एखादा भाग ताणून किंवा दाबून बसवलेला असेल आणि ते सांध्यात झिरपले, तर तिथे तडा जातो.

किट घेण्याआधी प्रमाण ठरवावे. टी-७२ रणगाड्याचा सांगाडा, तोफ सोडून, सुमारे सात मीटर लांब. १:७२ मध्ये तो ९७ मिलिमीटरच्या आसपास येतो, १:१०० मध्ये ७० आणि १:२८५ मध्ये अवघा २४. दुकानात सर्वांत देखणी दिसणारी १:३५ ची किटे काचेच्या कपाटासाठी असतात. वीस सेंटिमीटरचे असे दहा रणगाडे टेबलावर ठेवले तर लढाई राहते बाजूला, पार्किंग दिसते. खरी अडचण अंतराची आहे. सहा फुटी टेबल १:७२ च्या हिशेबाने फक्त १३० मीटर जमीन दाखवते. रणगाड्याची तोफ दोन किलोमीटरवर मारा करते, म्हणजे त्याच प्रमाणात जवळजवळ २८ मीटर. म्हणून खेळाच्या नियमांत जमिनीचे प्रमाण वेगळे धरतात, आणि मॉडेल जितके मोठे तितकी ही तफावत डोळ्यांना जास्त खुपते. पायदळाच्या दोन-तीन तुकड्या आणि सोबत एक-दोन वाहने खेळवायची असतील तर १:७२ घ्यावे. आपल्या लष्करातल्यासारखा १४ रणगाड्यांचा पुरा स्क्वॉड्रन उतरवायचा असेल तर १:१०० पेक्षा मोठी मॉडेल घेण्यात अर्थ नाही.

जोडणीत घाई नडते ती चाकांत. टी-७२ ला प्रत्येक बाजूला सहा मोठी चाके असतात. बऱ्याच किटमध्ये प्रत्येक चाक दोन तुकड्यांचे, म्हणजे एका रणगाड्याला चोवीस तुकडे. साइड कटरने भाग स्प्रूपासून तोडताना एक-दीड मिलिमीटर खुंट ठेवावा आणि तो नंतर ब्लेडने पातळ पातळ तासावा. भागाला लागून कापले की प्लास्टिक पांढरे पडते किंवा खड्डा पडतो. बारा चाके लावून झाली की सिमेंट, म्हणजे किटचे प्लास्टिक जोडायचा गोंद, ओले असतानाच रणगाडा सपाट फरशीवर उभा करून वरून हलके दाबावा. एक चाक अर्धा मिलिमीटर वर राहिले तरी पट्टा तिथे अधांतरी दिसतो, आणि सिमेंट चोवीस तासांनी पक्के झाल्यावर इलाज उरत नाही. पट्टे रबरासारख्या व्हिनाइलचे असतील तर त्यांना पॉलिस्टायरीनचे सिमेंट धरत नाही. टोके सुपरग्लूने जोडून सांधा खालच्या बाजूला न्यावा. टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, कमांडर बसवणार असाल तर उजव्या झाकणात बसवा. टी-७२ मध्ये डावीकडे तोपची असतो. चौथा माणूस शोधू नये, तोफेत गोळा यंत्र भरते. तोफेचे तोंड पिन-व्हाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या हातड्रिलमध्ये) एक मिलिमीटरचा ड्रिल धरून पोकळ केले की पाच मिनिटांच्या कामाने मॉडेलची खेळण्याची कळा जाते.

आता आपल्या हवेकडे. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो रेंगाळतो, माणूस वैतागून आणखी थेंब टाकतो आणि जाड थर ठिसूळ होऊन सांधा पुढे सुटतो. अशा वेळी भागावर एकदा तोंडाची वाफ सोडावी, मग कमीत कमी ग्लू लावावा. कूलर चालू असलेल्या खोलीत हे काम चांगले होते. तोच कूलर रंगकामाला मात्र वैरी: तो धूळ उडवतो आणि क्षाराच्या पाण्याचे तुषार ओल्या रंगावर बसवतो. पावसाळ्यात उलटे घडते. सुपरग्लू झटकन धरतो, पण त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. म्हणून जीप-ट्रकच्या काचा बाराही महिने साध्या फेव्हिकॉलनेच लावाव्यात. वाळला की तो पारदर्शक होतो.

स्प्रे भर दुपारी मारला तर रंगाचा थेंब मॉडेलपर्यंत पोचेतो हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. पहाटे सहा-सातच्या सुमारास, सावलीत, सुमारे वीस सेंटिमीटरवरून मारावा. तरीही खरखर आलीच तर १५०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून हलक्या हाताने फिरवावा. एअरब्रशमध्ये ०.३ मिलिमीटरची नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब पुरतो, पण इथल्या उन्हाळ्यात ॲक्रिलिक सुईच्या टोकावर सुकत राहते. दर काही मिनिटांनी ओल्या कापसाच्या काडीने टोक पुसावे. ब्रशने रंगवणाऱ्यांनी कोरड्या ताटलीत रंग काढूच नये. डब्याच्या स्टीलच्या झाकणात टिश्यूच्या तीन-चार घड्या भिजवून घालाव्यात, वर बेकिंग पेपर ठेवावा आणि त्यावर रंग घ्यावा. तो बराच वेळ ओला राहतो. मेडिकलमधले ग्लिसरीन दहा मिलिलिटर पाण्यात एक-दोन थेंब घातले तर रंग आणखी सावकाश सुकतो. जास्त घातले तर तो चिकटच राहतो.

पाण्याचे तर सोलापूरकरांना सांगायला नकोच. नळाला काही दिवसांआड पाणी, एरवी बोअर. बोअरच्या जड पाण्यात कालवलेला वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग, सुकला की कोपऱ्याकोपऱ्यांत क्षाराची पांढरी रेघ उमटते आणि गडद हिरव्या रणगाड्यावर ती लांबूनही दिसते. बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. एक लिटर महिनोन्‌महिने पुरते. आणि आपल्या शहराचा अभिमान दुखावण्याचा धोका पत्करून लिहितो की मॉडेल पुसायला टेरी टॉवेल घेऊ नका. त्याचे तंतू वॉर्निशमध्ये अडकले की १:७२ मध्ये ते दोरखंड वाटतात. यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्यांनी तर वॉर्निश मारल्या मारल्या मॉडेलवर खोके पालथे घालावे.

रंगाच्या बाबतीत आमचे मत जरा वेगळे आहे. खऱ्या रणगाड्याच्या पत्र्यावरून मिळवलेला तंतोतंत हिरवा छोट्या मॉडेलवर काळपट दिसतो. १:७२ साठी त्यात साधारण दहा टक्के फिकट रंग मिसळावा. पांढऱ्याने हिरवा खडूसारखा होतो, म्हणून पिवळसर मातकट छटा बरी. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे आणि तिथे विजयंता, सेंच्युरियन, पॅटन हाताच्या अंतरावर बघता येतात. तिथून वेल्डिंगचे सांधे, पट्ट्यांचा झोल, झाकणांच्या बिजागऱ्या यांचे निरीक्षण करावे. रंग मात्र तिथला उचलू नये. उघड्यावर मांडलेली वाहने देखभालीसाठी पुन्हा पुन्हा रंगवावी लागतात. नंबर आणि खुणांचे डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रे) चकचकीत वॉर्निशवरच चिकटवावेत. मॅट पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकते आणि कडेने चंदेरी झाक येते. मॅट वॉर्निश सर्वांत शेवटी, आणि बाटली दोन मिनिटे हलवल्याशिवाय नाही. तळाशी बसलेली पूड नीट मिसळली नाही तर मॉडेलवर पांढुरका पडदा येतो.

सैनिकांचे दोन प्रकार मिळतात आणि त्यांची गल्लत होते. १:७२ चे स्वस्त सैनिक बहुधा मऊ पॉलिथिनचे असतात. त्यांना किटचे सिमेंट चिकटत नाही आणि बंदुकीची नळी वाकली की रंगाची पापडी उडते. भांड्याच्या साबणाने ते धुवावेत, पूर्ण वाळवावेत, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचा एक पातळ हात द्यावा आणि त्यावर ॲक्रिलिक लावावे. एनॅमल वापरल्यास तडकते. धातूचे सैनिक शिशाच्या मिश्रणाचे असू शकतात. कानस मारल्यावर भुकटी ओल्या कागदाने टिपावी आणि हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावू नये. कातडीच्या नावाने विकला जाणारा परदेशी रंग गुलाबी असतो, तो आपल्या जवानाला शोभत नाही. बर्न्ट सिएन्ना दोन भाग, यलो ऑकर एक भाग आणि पांढऱ्याचा ठिपका, असे मिश्रण करून त्यावर पातळ तपकिरी वॉश द्यावा, मग फक्त नाक, गाल आणि बोटांच्या पेरांवर थोडी फिकट छटा. डोळे रंगवू नयेत. चोवीस मिलिमीटरच्या माणसाचे रंगवलेले डोळे दचकल्यासारखे दिसतात. लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या गणवेशाचे डिजिटल ठिपके या आकारात एकेक काढणे शक्य नाही. तीन छटा स्पंजच्या तुकड्याने टिपल्या तर हातभर अंतरावरून तोच भास होतो.

मॉडेल ज्यावर उभे करायचे त्या बैठकीसाठी तीन मिलिमीटरचे एमडीएफ किंवा हार्डवेअरचे लोखंडी वॉशर घ्यावेत. वर टाकायला आपल्या रानातली काळी माती अनेकांना सुचते, स्वाभाविकच आहे. पण ती फेव्हिकॉलच्या ओलाव्याने फुगते आणि सुकताना आक्रसते. शेतात पडतात तशाच भेगा बैठकीवर पडून सगळा थर सुटून येतो. बांधकामाची वाळू चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावी आणि काळा रंग वरून द्यावा. राजस्थानच्या वाळवंटासाठी तीच वाळू, वर फिकट पिवळट रंगाचा, जवळजवळ पुसून घेतलेला कोरडा ब्रश.

थ्रीडी प्रिंटरबद्दल लेखात नुसते कौतुक होते, म्हणून हे ठळक छापावे अशी विनंती. रेझिन प्रिंटरवर निघणारा बारीक तपशील वायर वितळवणाऱ्या प्रिंटरवर येत नाही हे खरे. पण न सुकलेले रेझिन त्वचेला बाधते आणि ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्या स्पर्शानेही त्रास होतो. नायट्रिलचे हातमोजे, उघड्या खिडकीची खोली आणि मोठे माणूस जवळ, याशिवाय शाळकरी मुलाच्या हाती ते देऊ नये. छापलेले भाग ज्यात धुतले ते आयसोप्रोपिल अल्कोहोल मोरीत ओतू नये. उघड्या भांड्यात, आगीपासून आणि मुलांपासून लांब, उन्हात ठेवावे, अल्कोहोल उडाल्यावर उरलेला गाळ कडक होतो. एवढ्या एका कामाला सोलापूरचे ऊन खरोखर मदतीला येते.

वायर वितळवणाऱ्या प्रिंटरचे पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. तोफा माना टाकतात. खेळायला पुण्याला वगैरे जाताना मॉडेल मागच्या काचेपाशी ठेवू नयेत. पत्र्याच्या पेटीत, बैठकीखाली छोटे निओडिमियम चुंबक चिकटवून, सीटखाली सावलीत ठेवावेत. वॉशरच्या बैठकी असतील तर पेटीच्या तळाला चुंबकाचा पत्रा चिकटवला तरी तेच काम होते.

कळावे,
छोट्या प्रतिकृतींचे काही छंदी,
विजापूर रस्ता, सोलापूर