एक वाटी म्हणजे नक्की किती हो?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी तुमच्या पेपरची तीसेक वर्षांची वाचक, आणि रविवारची पुरवणी आली की आधी रेसिपीचं पान उघडते, बातम्या नंतर. पूर्वी तिथे कोथिंबीर वडी नाहीतर उपासाचं थालीपीठ असायचं, हल्ली बनाना ब्रेड, आयरिश सोडा ब्रेड, कॉर्नब्रेड असलं काय काय येतं, आणि मला ते आवडतं हे आधीच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बाईंना नवीन काही नको असतं. तक्रार पदार्थांची नाहीच. तक्रार मापांची आहे.

मागे तुमच्याकडे बनाना ब्रेड छापून आला होता. त्यात लिहिलं होतं, दोन वाट्या मैदा, तीन केळी, दोन अंडी आणि एक मोठा चमचा खायचा सोडा. मी आपली बघून बघून अगदी तसंच केलं, पोह्याचा नाही तर खरा मोठा चमचा घेतला, सपाट करून. ओव्हनमधून काढला तेव्हा रंग चॉकलेट केकसारखा काळपट, मला वाटलं वा काय छान भाजलाय. ह्यांनी एक घास घेतला आणि अगदी शांतपणे विचारलं, "डबा नीट विसळला नव्हतास का गं?" साबणासारखी चव लागत होती हो. सगळा गेला शेजारच्या म्हशीला, आणि तीसुद्धा विचार करूनच खात होती.

माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिला फोटो पाठवला तर ती हसतच सुटली. मूळ अमेरिकन रेसिपीत तो टीस्पून असणार, म्हणजे ५ मिली. तुमच्याकडे तो झाला "मोठा चमचा", म्हणजे टेबलस्पून, १५ मिली. तिप्पट! सोड्याला फुलायला आंबटपणा लागतो, ताक, दही, लिंबू काहीतरी. केळ्यात आंबटपणा असतो पण थोडाच, तेवढ्याने एवढा सोडा संपत नाही, मग उरलेला तसाच राहतो आणि कडसर साबणासारखी चव देतो, रंगही गडद करतो. आयरिश लोक सोडा ब्रेडमध्ये यीस्ट घालतच नाहीत, पीठ, मीठ, सोडा आणि ताक एवढंच, म्हणजे सगळा खेळ सोडा आणि ताकाच्या प्रमाणाचा. तिथे "एक मोठा चमचा" अशी चूक झाली तर काय होईल विचार करा.

आता वाटीकडे येते. माझ्या ट्रॉलीत तीन वाट्या आहेत. एक सासूबाईंची पितळी, एक माझ्या लग्नातली स्टीलची, एक कुठल्याशा वास्तुशांतीला मिळालेली. मध्यंतरी साडेचारशे रुपयांचा डिजिटल वजनकाटा घेतला, त्यावर तिन्ही वाट्या पाण्याने भरून पाहिल्या. एकीत १४०, दुसरीत १८०, तिसरीत २१० मिली. आता सांगा तुमची "वाटी" यातली कुठली?

कुणी म्हणेल की आपल्या आया-आज्या आयुष्यभर वाटीनेच करत आल्या, १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या रुचिरात पण वाटी-चमच्याचीच मापं आहेत आणि त्यावर पिढ्या स्वयंपाक शिकल्या, मीसुद्धा. मान्यच आहे. पण वाटी कुठे चालते तेही बघा ना. सात कप बर्फी घ्या, एक कप बेसन, एक तूप, एक ओलं खोबरं, एक दूध आणि तीन साखर. यात कुठलाही कप घ्या, पाण्याचा पेला घ्या नाहीतर बादली घ्या, बर्फी जमणारच, कारण सगळं एकाच भांड्याने मोजलंय. म्हणजे तिथे वाटी हे माप नसतंच, प्रमाण असतं. शिऱ्याचं तसंच. फ्रान्समध्ये कात्र कार म्हणून केक आहे, नावाचा अर्थच चार चतुर्थांश, मैदा, साखर, लोणी, अंडी चारही सारख्या वजनाची. इंग्रजांचा पाउंड केक पण तोच, प्रत्येक गोष्ट एक पाउंड. ते लोक तर आधी अंडी तराजूत टाकतात आणि त्याच्याएवढं बाकीचं घेतात, किती सोपं.

पण रेसिपीत "दोन अंडी" आणि "एक चमचा सोडा" आला की वाटी फसलीच, कारण अंडं काय तुमच्या वाटीच्या मापाने लहानमोठं होणार नाही.

बरं, परदेशात तरी सगळं एकसारखं आहे का, तर तेही नाही. अमेरिकेचा कप साधारण २४० मिली, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००, आणि जपानी राइस कुकरबरोबर तांदूळ मोजायला जो कप येतो तो १८०. माझा मुलगा मेलबर्नला आहे, तिकडे टेबलस्पूनच २० मिलीचा असतो, बाकी जगात १५ चा. आणि मैदा कप बुडवून दाबून भरला तर दीडशे ग्रॅमपर्यंत जातो, चमच्याने हलकेच भरला तर १२० ग्रॅम. एकच बाई, एकच कप, आणि तीस ग्रॅमचा फरक.

हे मी नुसतं ऐकून लिहीत नाहीये. जुलैमधे एका रविवारी आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर एकाच वेळी तोच बनाना ब्रेड केला (सोडा टीस्पूनच घातला हां या वेळी). इथे सकाळचे ८, मुलाकडे दुपारचे साडेबारा, बहिणीकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, ती बिचारी जांभया देत अंडी फेटत होती. मुलाचा छान झाला. बहिणीचा बरा झाला, जरा कोरडा. माझा म्हणजे वीट. खूप वेळ कळेना का ते, मग मुलानेच विचारलं, आई केळी कुठली घेतलीस? मी वेलची केळी घेतली होती, घरात तीच होती. अहो त्यांच्याकडचं एक केळं, म्हणजे आपल्याकडे जळगावहून येतं तसलं मोठं, सोलल्यावर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरतं आणि माझं वेलची केळं भरलं ४५ ग्रॅम. त्यांनी तीन केळ्यांत घातला तेवढा गर घालायला मला आठ केळी लागली असती! पुढच्या रविवारी तिघांनी सगळं वजनावर केलं, आणि तीन देशांत तीन ब्रेड जवळजवळ सारखे आले, बहिणीचा थोडा अळणी, कारण तिकडे बटर बिनमिठाचं मिळतं आणि आपलं पिवळं बटर खारट, मी मीठ सांगायलाच विसरले.

आता शब्दांचं सांगते, ते तर मापापेक्षा वाईट. तुमच्या कॉर्नब्रेडमध्ये "कॉर्नफ्लोअर दीड वाटी" असं आलं होतं. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरं स्टार्च, मंच्युरियनला घालतो ते, इंग्लंडमध्येही तेच. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कॉर्नब्रेड करतात तो मक्याच्या जाडसर पिठाचा, बिडाच्या तापलेल्या तव्यात, ताक घालून, आणि जुनी माणसं म्हणे त्यात साखरसुद्धा घालू देत नाहीत. म्हणजे आपल्या मक्याच्या भाकरीचा लांबचा भाऊच की. माझ्या भिशीतल्या एका मैत्रिणीने तुमचं वाचून स्टार्च घातलं, तिच्याकडे ब्रेड झाला नाही, खळ झाली. वहीला कव्हरं लावता आली असती.

तसंच बिस्किटांचं. अमेरिकेत बिस्किट म्हणजे मऊ, पदर सुटणारा खारा पाव, त्यावर ग्रेव्ही ओतून खातात. आपण "बिस्किटं आणि ग्रेव्ही" वाचून मारी बिस्किट डोळ्यांसमोर आणतो आणि म्हणतो काय हे लोक! हेवी क्रीम म्हणतात त्यात ३६ टक्क्यांच्या वर फॅट असतं म्हणून ते फेटल्यावर फुलतं, आपल्या छोट्या खोक्यातल्या क्रीममध्ये २५ टक्के, तुम्ही संध्याकाळपर्यंत फेटा, ताक पण होणार नाही.

आणि हे उलटंही होतं, आपणच फक्त चुकतो असं नाही. बहिणीने पहिल्या वर्षी तिकडे गणपतीला उकडीचे मोदक केले, आशियाई दुकानातून तांदळाचं पीठ आणलं, पिशवीवर तांदूळ लिहिलंय म्हणजे झालं असं समजून. ते निघालं चिकट तांदळाचं, जपानी लोक मोची करतात तसलं. उकड नाही, रबर झालं, कळ्या काही केल्या पडेनात. आईने फोनवर सांगितलेलं "आपलं पीठ घे", पण आपलं म्हणजे कुठलं ते कोण सांगणार?

माझ्या सासूबाई चिपटं, मापटं, शेर, पायली बोलायच्या. चार शेरांची पायली हे सगळ्यांना माहीत, पण शेर मात्र या गावचा वेगळा आणि त्या गावचा वेगळा, त्यावरून बाजारात भांडणं व्हायची असं त्या सांगायच्या. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि दुकानातून शेर गेला, किलो आला. स्वयंपाकघरात मात्र कायदा पोचलाच नाही. अमेरिकेतही आधी आपल्यासारखंच होतं, "अंड्याएवढं लोणी" असं लिहायचे, जसं आपण "लिंबाएवढा चिंचेचा गोळा" म्हणतो. मग १८९६ मध्ये बॉस्टनच्या फॅनी फार्मरबाईंनी पुस्तकात कप-चमचे सपाट भरून मोजायचा आग्रह धरला, आणि तिकडच्या घराघरात मोजायचे कप आले. युरोपात मात्र ग्रॅमच. मुलाच्या घरात एक जर्मन मुलगा राहतो, त्याच्या आईच्या रेसिपीत "बेकिंग पावडर एक पाकीट" लिहिलेलं असतं, मी म्हटलं हे तर आपल्यापेक्षा भारी, पण तिकडे ते पाकीट साधारण १६ ग्रॅमचं येतं, अर्धा किलो मैद्याला एक, त्यामुळे त्यांच्यात पाकीट म्हटलं तरी चालतं.

आपल्याकडेही वजनाची सवय नव्हती असं नाही. दिवाळीच्या आधी आम्ही बेकरीत नानकटाई भाजून आणायला जायचो, मैदा, रवा, साखर, डालडा सगळं घरून न्यायचं, पत्र्याचा डबा पण आपलाच. तो बेकरीवाला कधी वाटी नाही विचारायचा. "ताई, मैदा किती किलो आणलाय?" एवढंच, आणि मग त्याच्या हिशोबाने डालडा आणि साखर तराजूत. म्हणूनच दरवर्षी नानकटाई तशीच व्हायची, खुसखुशीत, वर चीर पडलेली, आणि घरी कुकरमध्ये वाळू घालून, शिट्टी काढून केलेल्या केकचं मात्र दरवेळी देवावर हवाला.

तर संपादक साहेब, पुढच्या रविवारपासून निदान बेकिंगच्या रेसिपीत तरी ग्रॅम छापा. आमटीला नको, आमटी अंदाजानेच चांगली होते. चमचा लिहिलात तर ५ मिलीचा की १५ चा ते लिहा. ओव्हन सेल्सिअसमध्ये, कारण ३५० लिहिलेलं फॅरनहाइट असतं, सेल्सिअसमध्ये ते जेमतेम १७७, आणि आमच्या ओटीजीचा काटा २५० च्या पुढे जातच नाही. डब्याचं माप द्या. आणि छापायच्या आधी कुणीतरी इथल्या सामानावर एकदा करून बघा, ऑफिसात खायला माणसं कमी नसतील.

नुसती तक्रार करून थांबत नाही, माझा बनाना ब्रेड लिहून देते, छापायचा तर छापा. मैदा २५० ग्रॅम, पिकलेल्या केळ्यांचा गर ३४० ग्रॅम, साखर १५०, वितळलेलं बटर ११५, दही ६०, अंडी दोन (फोडून १०० ग्रॅम), खायचा सोडा सपाट एक टीस्पून, ५ मिलीचा. ओलं एकत्र फेटायचं, मैदा-सोडा चाळून हलक्या हाताने मिसळायचा, घोटायचा नाही. २३ बाय १३ सेंटिमीटरच्या डब्यात, आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७५ सेल्सिअसला ५५ ते ६० मिनिटं, सुरी घालून बघायची. बटर खारं असेल तर वरून मीठ घालू नका, बिनमिठाचं असेल तर पाव टीस्पून.

आपली,
एक जुनी वाचक, इचलकरंजी