पावसाआधी फोर-व्हील एकदा घालून बघा

महोदय,

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की आमच्या प्रयाग चिखलीत जनावरं हलवायची लगबग सुरू होते. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत आता कोणी बसत नाही. २०१९च्या महापुराने तेवढं शहाणपण दिलंय.

जुलै २०२१ मध्ये मी माझ्या फोर-बाय-फोर पिकअपमध्ये दोन म्हशी चढवून सोनतळीकडे निघालो. चढावरच्या चिखलात मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. डॅशबोर्डवरचं बटण ‘फोर लो’वर, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरवर फिरवलं. दिवा नुसता लुकलुकत राहिला, पुढची चाकं ओढेनात. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून गाडी वर काढली. तोवर हौद्यात म्हशी पाय रोवून थरथरत उभ्या होत्या.

पाणी ओसरल्यावर उद्यमनगरात मिस्त्रींनी ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, उतरवली. ड्रेन नट काढला, तर दुधाच्या चहासारखं तेल परातीत आलं. चालून गरम झालेली केस पुराच्या गार पाण्यात बुडाली, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (केसची हवा ये-जा करायची बारीक वाट), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. फोर-व्हील लावणाऱ्या मोटरमध्ये चिखलाची वाळलेली पापडी होती. पुढच्या चाकांकडे ताकद नेणारी आतली साखळी तर इतकी सैल, की केसला आतून घासून चर पडलेला. त्यात दोष माझा. कोरड्या डांबरावरही मी फोर-व्हील घालून गाडी पळवायचो. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो. डांबरावर सगळा ताण साखळीवर बसतो.

दुरुस्तीपेक्षा दुसरी केस बरी, म्हणून जुन्या मालाच्या एका दुकानातून घाईत आणली. दिसायला सारखीच. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट त्यात बसेना. मिस्त्रींनी खडूची खूण करून दोन्हीकडचे दाते मोजले, ते जुळतच नव्हते. शिवाय पुढच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा, म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट, जिथून निघतो ते तोंड उलट्या बाजूला. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत. जे कोणी केस बदलायला निघालेत त्यांनी दाते, तोंडाची बाजू आणि शाफ्टची लांबी जुनी केस शेजारी ठेवूनच बघावी, फोटोवर विसंबू नये.

दुसऱ्या खेपेला माझ्याच मॉडेलची, पण हाताच्या लिव्हरची केस मिळाली. मोटर गेली, वायरिंगची कटकट गेली. लिव्हरसाठी फ्लोअरला भोक पाडून रबरी बूट बसवला, प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घेतला. ब्रीदरला पाइप जोडून तो थेट बॉनेटखाली वर नेला. या सगळ्या कामात स्वस्त तो पाइपच, आणि पुराच्या गावात माझ्या मते सगळ्यात मोलाचाही तोच. आता लो गिअरमध्ये ओढ साधारण अडीच पट मिळते आणि भरली गाडी क्लच न जाळता चढ काढते.

एक गोष्ट मात्र परिवहन कार्यालयाने सोप्या मराठीत सांगायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. मग त्याच मॉडेलची केस बसवणं ही दुरुस्ती की फेरफार? गॅरेजवाले दहा जण दहा उत्तरं देतात, आणि शेतकरी भीतीपोटी मोडकी केस तशीच ठेवतो.

जिल्हा प्रशासनालाही विनंती आहे. पावसाआधी बोटी तपासता, तशा करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांतल्या पूरपट्ट्यातल्या फोर-व्हील पिकअपची यादी करा. मे महिन्यात एक दिवस त्यांना नांगरटीच्या रानात बोलवा आणि प्रत्येकाला ‘फोर लो’ घालून वीस पावलं गाडी चालवायला लावा. ज्याची पुढची चाकं ओढणार नाहीत, त्याच्या हातात दुरुस्तीला जूनपर्यंत वेळ असेल.

आपला,
एक दूध उत्पादक,
प्रयाग चिखली (ता. करवीर)