बॉनेटचा स्विच ऐच्छिक नाही

महोदय,

गाडीचं इंजिन दुरूनच सुरू करणारा रिमोट स्टार्टर घरच्या घरी बसवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मी गाड्यांच्या वायरिंगवर पोट भरणारा माणूस, म्हणून राहवलं नाही.

लेखात बॉनेटखालचा पिन स्विच ‘ऐच्छिक’ म्हटला आहे. अजिबात नाही! बॉनेट उघडं असताना कुणी रिमोट दाबला तरी इंजिन सुरू होऊ नये, यासाठीच तो असतो. आत कुणाचा तरी हात असतो हो. हाताने गिअर टाकायच्या गाडीत तर न्यूट्रलची खात्री झाल्याशिवाय स्टार्ट मिळताच कामा नये, नाहीतर गाडी जागेवरून उडी मारते.

नेहमीची तक्रार म्हणजे इंजिन सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडतं. लोक लगेच मॉड्यूल, म्हणजे रिमोट स्टार्टरचा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलायला निघतात. आधी डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) दिवा लुकलुकतोय का बघा. तसं असेल तर बायपास, म्हणजे चावी आत नसतानाही ती असल्याचं इमोबिलायझरला भासवणारा भाग, चावीशी नीट जुळलेला नाही. नसेल, तर इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल मॉड्यूलपर्यंत पोचत नसावा. इंजिन चालू झालंय हेच त्याला कळत नाही. बऱ्याच यंत्रणा पार्किंग दिवे ठरावीक वेळा लुकलुकवून कारण सांगतात, पण पुस्तिका उघडतो कोण?

तारा शोधताना टेस्ट लॅम्प नको, मल्टिमीटर घ्या. पिवळ्या वेष्टनातल्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि बंद गॅरेजमध्ये उभ्या गाडीचा रिमोट कधीही दाबू नये, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन