गंगाराम तांबटाचा गेंडा

न्यू हेवन, कनेटिकट
मे महिना, रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तीन दिवस तुला व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्यातुकड्यांनी लिहितोय आणि तू नुसता अंगठा दाखवतोयस. म्हणून शेवटी लेकीकडून चार कोरे कागद मागून घेतले. आता चष्मा लावून नीट वाच. गोष्ट तुझ्याच कसबा पेठेतली आहे, फक्त सापडली भलतीकडे.

लेक सकाळी आठला लॅबमध्ये जाते ती दिवेलागणीला उगवते. मी घरात बसून तरी काय करणार? येल विद्यापीठाचं कलादालन चालत पंधरा मिनिटांवर आहे, फुकट आहे आणि आत बसायला बाक आहेत. निवृत्त माणसाला आणखी काय हवं! पहिल्या आठवड्यातच मी तिथला कायमचा गिऱ्हाईक झालो.

गेलो होतो व्हॅन गॉगसाठी. तुझ्या घरी कॅलेंडरवरचं कापून फ्रेम केलेलं ते रात्रीच्या कॅफेचं चित्र आठवतं ना? अस्सल चित्र इथे आहे. 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्लला काढलेलं. लाल भिंती, हिरवं छत, पिवळी जमीन आणि मधोमध ते बिलियर्डचं टेबल. तुझ्या कॅलेंडरनं आपल्याला चक्क फसवलं रे. रंगाचे थर इतके जाड आहेत की दिव्यांभोवतीचा उजेड हाताला लागेल असं वाटतं. मी फार पुढे झुकलो तर रखवालदार बाई नुसती खाकरली. दोन पावलं मागे आलो.

या दालनाचा जन्मही मजेशीर. जॉन ट्रंबुल नावाच्या चित्रकारानं आपली शंभरच्या घरातली चित्रं विद्यापीठाला दिली, बदल्यात वर्षाला हजार डॉलर ठरवून घेतले. चक्क वर्षासन! त्यातून 1832 मध्ये दालन उघडलं. आपल्या चित्रांच्या खालीच आपल्याला पुरावं अशीही त्याची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. म्हणजे आपण वर चित्रं बघत फिरतो आणि खाली चित्रकार नवरा-बायको झोपलेले. आपल्याकडे असं असतं तर लोकांनी चपला बाहेर काढल्या असत्या.

सध्याची इमारत वास्तुकार लुई कानची, 1953 ची. छताला काँक्रीटचे त्रिकोण. रस्त्याच्या पलीकडे ब्रिटिश कलेचं केंद्र आहे, तेही येलचंच आणि तेही कानचंच, पण त्याचं हे शेवटचं काम. अहमदाबादहून परतताना 1974 मध्ये तो न्यूयॉर्कच्या स्टेशनवर वारला, आणि इमारत उघडली 1977 मध्ये. एका गल्लीच्या दोन कडांना माणसाची सुरुवात आणि शेवट.

तर या पलीकडच्या इमारतीत सध्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातल्या चित्रकारांचं प्रदर्शन लागलंय, 1750 ते 1850 ची शंभर वर्षं. येलचं नावच ज्याच्यावरून पडलं तो एलिहू येल मद्रासला कंपनीचा गव्हर्नर होता, तिथेच गब्बर झाला. त्याचं एक चित्र याच केंद्राकडे आहे. मंडळी टेबलाभोवती ऐटीत, आणि बाजूला गळ्यात धातूचं कडं घातलेला एक गुलाम पोरगा. त्या पोरावरून नजर हलत नाही.

प्रदर्शन बघून बाहेर पडताना काउंटरवरच्या मुलीला मी सहज विचारलं, पुण्याचं काही आहे का? तिनं संगणकात बघितलं आणि म्हणाली, आहे की, पण कागदावरची कामं उजेडात फिकी पडतात म्हणून पेट्यांत ठेवतो. अभ्यासिकेत वेळ घेऊन या. कुणीही येऊ शकतं म्हणाली. मी दोनदा विचारून खात्री केली. ना शिफारसपत्र, ना ओळख.

मंगळवारी गेलो. हात धुवायला लावले, पेन काढून घेतलं, पेन्सिल दिली. शाळेत बसल्यासारखं वाटलं. मग एकेक कागद समोर आला.

बंड्या, पहिलाच कागद गेंड्याचा! पेशव्यांच्या शिकारखान्यातला, म्हणजे त्यांच्या खासगी प्राणिसंग्रहातला गेंडा, नोव्हेंबर 1790. काढणारा गंगाराम चिंतामण तांबट. इंग्रजांच्या लेखी ‘गुंगाराम’. शिकारखाना कुठे होता ते तुला सांगायला नको, पर्वतीच्या पायथ्याशी. आपण फुलराणीच्या छोट्या आगगाडीत बसायला रांग लावायचो त्याच परिसरात हा पठ्ठ्या दोनशे वर्षांपूर्वी कागद मांडीवर घेऊन बसला असणार. गेंड्याच्या कातडीच्या वळ्या त्यानं अशा काढल्यात की मला थेट तांबट आळीतलं, तांब्यावर ठोके देऊन केलेलं मठारकाम दिसलं. हा माझा कल्पनाविलास म्हण, पण आडनाव तांबट असलेल्याची नजर ठोक्यावर जाणारच.

पेशव्यांच्या दरबारी 1786 पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील, म्हणजे राजदूत होता. त्याच्यासाठी गंगारामनं ही चित्रं काढली. प्राणी, पैलवान, गोसावी. मॅलेटनं त्याला वेरूळलाही धाडलं. पुढे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार आला, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, गंगाराम त्याच्याबरोबर काम करू लागला. 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, त्याच वर्षी वेल्सही मुंबईजवळच्या साष्टीत तापानं गेला. शाळा बसली. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांचं पुस्तक मात्र 1803 मध्ये लंडनला निघालं. मुखपृष्ठावर गंगाराम नाही, हे सांगायला हवं का?

वरच्या मजल्यावर स्टब्स या इंग्रज चित्रकारानं 1763 मध्ये रंगवलेला झेब्रा आहे. राणी शार्लटला भेट आलेला, इंग्लंडच्या झाडीत बावरून उभा. राणीचा झेब्रा भिंतीवर, पेशव्यांचा गेंडा पेटीत. दोघेही परमुलखातून आणलेले, दोघेही मोठ्यांच्या हौसेपायी. मी खाली-वर दोन फेऱ्या मारल्या. गुडघा अजून बोलतोय.

तू म्हणशील, आपलं ते पळवून नेलं. मला तसा राग आला नाही, खरंच. मॅलेटनं पैसे मोजले होते, कागद त्याचे होते. राग आला तो वेगळाच. आपण एलिमेंटरी-इंटरमीजिएटला कितीतरी घडे आणि फुलदाण्या घोटल्या. पुढे तू स्वतः तीस वर्षं मुलांकडून त्याच घोटून घेतल्यास. आणि गंगाराम तांबटाचं नाव मला साठी उलटल्यावर अमेरिकेत काउंटरवरच्या पोरीकडून कळावं? तुला माहीत होतं का? असेल आणि तू बोलला नसशील तर पुण्याला आल्यावर बघून घेतो.

चित्रं त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट मिळतात. गेंडा तुला पाठवलाय, तोच ज्याला तू अंगठा दाखवलास. उघडून मोठा करून बघ. जमलं तर छापून तांबट आळीत दोन-चार म्हाताऱ्यांना दाखव, ते काय म्हणतात ते मला अक्षरशः लिही. तुझं मत नको, त्यांचं हवं.

पुढच्या मंगळवारची वेळ पुन्हा घेतली आहे. या खेपेला वेरूळची चित्रं मागवणार. कैलासाचं काही खास बघायचं असेल तर सोमवारपर्यंत कळव. वहिनींना नमस्कार, आणि माझी छत्री तुझ्याकडेच आहे, पावसाच्या आधी शोधून ठेव.

तुझा,
दिन्या