बालाजीस, किड्यांच्या पुडीबद्दल

अंबड,
२८ जून

प्रिय बालाजी,
सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी शेडमध्ये तुतीचा पाला टाकत होतो. चौथी कात टाकून अळ्या उठल्या की त्यांना दम निघत नाही, म्हणून "बघू, बघू" करून ठेवला. राग मानू नकोस. शिवाय मागून वहिनींचा आवाज येत होता, आणि तू जे मागत होतास ते त्यांच्या कानावर जाण्यासारखं नव्हतं. लेका, किड्यांची पूड खाल्ली की लिव्हरवरची चरबी उतरते असा मेसेज वाचलास, आणि मला रेशमाचे वाळवलेले प्युपे, म्हणजे कोषातले किडे, पाठव म्हणतोस! ज्या घरात काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे तिथं?

सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर आलं आणि तू हबकलास. दारूचा थेंब नाही तरी लिव्हरवर चरबी कशी, असं विचारत होतास. अरे, ती पोटाचा घेर, साखर आणि दिवसभर खुर्ची यातूनही येते. २०२३ साली डॉक्टर लोकांनी या आजाराचं नावच बदललं आणि चयापचय हा शब्द त्यात घातला.

आता तुला आलेल्या त्या मेसेजबद्दल. मला वाटलं होतं शुद्ध थाप असेल, पण तशी ती नाही. तुला आपली हुमणी अळी आठवते ना? पांढरट, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी. अण्णांच्या उसात खोऱ्यानं निघाली होती, अन् आपण पहिल्या पावसानंतर कडुलिंबाच्या फांद्या हलवून तिचे भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात पाडत होतो. तर तिच्याच कुळातली एक अळी कोरियात लोक पाळतात आणि खातात. १६१३ साली छापलेल्या तिथल्या वैद्यकग्रंथात ती यकृताच्या दुखण्यावर सांगितली आहे. आपण जिच्यावर औषध ओततो ती तिकडं औषध म्हणून खपते!

जुन्या पोथीवर मी विश्वास ठेवला नसता. पण जर्मनीत गीसनच्या विद्यापीठात जन्मजात लठ्ठ जातीच्या उंदरांवर प्रयोग झाला, तो २०१९ साली छापून आला. खाद्यातलं दुधाचं प्रथिन काढून त्याजागी पिवळ्या मीलवर्म अळीची पूड घातली. चार आठवड्यांत उंदरांच्या लिव्हरमधली चरबी चांगलीच उतरली. अळीच्या कातडीत कायटिन असतं, ते आपल्याला धड पचत नाही. कोंड्यासारखं आतड्यातून जातं आणि तिथले जिवाणू त्यावर पोसतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनला २० धडधाकट माणसांना दोन आठवडे न्याहारीत रोज २५ ग्रॅम रातकिड्यांची पूड दिली, तर आतड्यातला एक चांगला जिवाणू पाचपटीहून जास्त वाढला. पण ती माणसं निरोगी होती. लिव्हर कुणाचंच बिघडलेलं नव्हतं. मेसेज लिहिणाऱ्यानं उंदीर आणि ही माणसं एकाच पातेल्यात घालून ढवळलीत, आणि खाली २,४०० रुपयांच्या डब्याची लिंक दिली आहे.

आमच्या प्युप्यांचं सांगतो. कोष कानाशी धरून हलवला की आत प्युपा खुळखुळतो. नाही खुळखुळला तर मेलाय समजायचं. मी एकदा धागा काढायच्या कारखान्यात गेलो होतो. कोष उकळून धागा ओढला की खाली तपकिरी प्युप्यांचा ढीग उरतो. तो वास दोन दिवस शर्टाला होता. तिथून तो माल मासळीच्या अन् कोंबड्यांच्या खाद्याला जातो. कोरियात मात्र असेच प्युपे शिजवून रस्त्यावर कागदी कपात विकतात, म्हणजे खाणारे खातात. पण तू खायचे नाहीस. अलिबागला काकूंच्या चोरून कोळंबी खाल्लीस आणि रात्रभर अंगावर गांधी घेऊन बसलास, विसरलास का? ज्या प्रथिनानं कोळंबी बाधते तसलंच किड्यांतही असतं. आणि रानातले किडे तर कुणीच खाऊ नयेत. आपण रानात काय काय फवारतो ते तुला सांगायला नको. शेजारच्या सोयाबीनवरचा फवारा वाऱ्यानं तुतीवर आला तर माझी अख्खी बॅच झोपते.

तुझ्या डॉक्टरांनी वजन सांगितलंय, ते तुला कडू लागलं म्हणून तू किड्यांकडं वळलास. मी ओळखतो तुला. ८८ किलोतले साडेचार गेले तरी लिव्हरवरची चरबी उतरायला लागते, सहा ते नऊ गेले तर सूजही कमी होऊ शकते. पैसे लागत नाहीत, म्हणून पटत नाही बहुतेक. बँकेतल्या चहाचे कप मोज एकदा. आणि ती बाटलीतली थंड शरबतं बंद कर आधी. घरी ज्वारी असताना मैद्याचे पाव कशाला आणतोस, तेही एकदा कळव.

कोष काढायला अजून दोन आठवडे आहेत. त्या रविवारी ये. फाट्यावर उतर, मी गाडी घेऊन येणार नाही. तीन किलोमीटर चालत यायचं. डागी आणि डबल कोष व्यापारी घेत नाहीत, ते कापून प्युपे आम्ही कोंबड्यांना टाकतो. त्यांची अंडी बांधून देईन. वहिनींना एवढंच सांग, अंडी गावाकडची आहेत.

तुझा,
नामदेव