दोन जावा आणि एक सीमा

सोल,
रविवार, दुपार

प्रिय मेधा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या नृत्यवर्गाच्या स्मरणिकेसाठी 'कोरियन नृत्य : दुभंगलेल्या माणसांना जोडणारा पूल' असा लेख मागतेस आणि वर 'जरा भावपूर्ण लिही' असा दमही देतेस. लेख माझ्याच्यानं होणार नाही, पत्रावर भागव. त्यातलं हवं ते उचल, नको ते गाळ.

पूल म्हटलं की दोन्ही काठांवरून माणसांची ये-जा आली. इथे कुणी येत नाही, कुणी जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर कोरियानं दक्षिण कोरियाकडे येणारे रस्ते सुरुंग लावून उडवले, हे तू बातम्यांत पाहिलं असशील. तरीही दोन्हीकडचा रंगमंचावरचा नाच बघताना सारखं वाटत राहतं, ही एकाच घरातली माणसं आहेत. आणि ते अगदी शब्दशः खरं आहे, कारण ही गोष्ट दोन जावांची आहे.

थोरली चोई संग-ही, जन्म १९११. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. कोवळ्या वयात ती जपानला गेली, इशिई बाकू यांच्याकडे आधुनिक नृत्य शिकली आणि नंतर आपल्याकडच्या जुन्या नाचांकडे वळून त्यांना रंगमंचावर आणलं. १९३८ ते १९४० या काळात अमेरिका, युरोप, दक्षिण अमेरिका पालथी घातली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासमोरही नाचली. देश स्वतंत्र झाल्यावर त्याचा जाब विचारला जाऊ लागला, आणि १९४६ साली ती नवऱ्याबरोबर उत्तरेत निघून गेली. प्याँगयांगमध्ये तिनं नृत्यसंस्था उभारली आणि १९५८ साली कोरियन नृत्याच्या मूलभूत हालचालींचं पुस्तक काढलं. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सत्तेची मर्जी फिरली आणि बाई नाहीशीच झाली. दक्षिणेत तर 'तिकडे गेलेली' म्हणून १९८८ पर्यंत तिच्यावर बंदीच होती. ना सासरची ना माहेरची! ती १९६९ मध्येच वारली होती, हे उत्तरेनं जगाला सांगितलं २००३ साली, तिला मानाच्या स्मशानभूमीत जागा दिल्यावर.

धाकटी किम बेक-बोंग, चोईच्या धाकट्या दिराची बायको आणि तिची शिष्याही. टोकियोत तिच्या हाताखाली तयार झालेली. उत्तर-दक्षिण कोरियन युद्धाच्या धामधुमीत ही दक्षिणेत आली, ती कायमची. तिनं १९५४ मध्ये 'बुचेचुम' बसवला, म्हणजे तो पंख्यांचा नाच. गुलाबी पंखे, त्यांवर फुलं, नाचणाऱ्या बायकांचं मिळून एक मोठं फूल उमलतं, तोच. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या वेळी तो तिथे झाला आणि जगभर कोरियाची ओळख होऊन बसला. पर्यटक त्याला शेकडो वर्षांची परंपरा समजतात. वय आपल्या आयांएवढं! किमबाई २०२३ मध्ये गेल्या. जावा-जावांची पुन्हा भेट झाली नाही.

म्हणजे उत्तरेचा नाच थोरलीनं घडवला, दक्षिणेची सगळ्यांत गाजलेली रचना धाकटीनं. दोन्हीकडच्या सरकारांनी थोरलीचं नाव खोडलं, पण मुलींच्या अंगात शिरलेलं कोण खोडणार?

मी इथे हौसेनं एका वर्गाला जाते. आपल्या कथकच्या तत्कारानंतर, म्हणजे त्या तळपाय आपटण्यानंतर, इथलं पाऊल फार जड गेलं. आधी टाच टेकायची, मग पावलाचा मधला भाग, मग बोटं. गुडघे सैल. श्वास घेतला की खांदे आपोआप किंचित वर आले पाहिजेत. मुद्दाम उचललेस तर बाई लगेच ओळखतात. उत्तरेची ध्वनिचित्रं बघितली तर गती दुप्पट, गिरक्या भराभर, चेहऱ्यावर कायमचं हसू, बॅलेचा हात फिरलेला. मला ते जरा कवायतीसारखं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण मनगट वळतं तेव्हा श्वास तिथेच घेतला जातो, जिथे आमच्या बाई घ्यायला लावतात.

सरकारी शिष्टमंडळांचं मला फारसं कौतुक नाही. १९८५ च्या सप्टेंबरात दोन्हीकडून पन्नास-पन्नास कलाकार एकमेकांच्या राजधानीत गेले, नाचले आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांना नावं ठेवली. २०१८ मध्येही गाणं-बजावणं झालं, टाळ्या झाल्या, मग सगळं थंड. राजकारण तापलं की कलाकार घरी, हे ठरलेलंच.

त्यापेक्षा बुकचंगचा सिंह बघ! बुकचंग गाव उत्तरेत. तिथून युद्धात पळून आलेल्यांनी सोलमध्ये तो नाच पुन्हा उभा केला आणि १९६७ साली दक्षिणेनं त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला घराघरांतली इडापिडा घालवणारा हा सिंह. आत दोन माणसं, वर रंगीत लोकरीचं ओझं, जोडीला 'तुंगसो' नावाची जाड बासरी. सिंह ससा गिळतो आणि आडवा होतो. भिक्षू मंत्र म्हणतो, काही होत नाही. मग वैद्य सुया टोचतो आणि सिंह टुणकन उठतो. मी बघितलं तेव्हा पुढच्या पायांतला माणूस इतका धापा टाकत होता की सिंहाचा जबडा आपोआप हलत होता. आता नाचणारे दक्षिणेतच जन्मलेले आहेत. ज्या गावाचा सिंह, ते गाव त्यांनी पाहिलेलं नाही. २०२२ मध्ये युनेस्कोनं कोरियन मुखवटानृत्यांना यादीत घेतलं, त्यात हाही आहे.

आजच्या पिढीतलं नाव हवं असेल तर नृत्यदिग्दर्शिका आन उन-मी. डोकं तासलेली, भडक रंगांची, कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई. जून २०१८ मध्ये तिनं उत्तर कोरियाच्या नाचावर एक प्रयोग केला. तिकडे जाता येत नाही, तिकडचं साहित्य बाळगायलाही इथे कायदा आडवा येतो. मग काय, तिचे नर्तक यूट्यूबवरच्या ध्वनिचित्रांवरून आणि चोईच्या त्या जुन्या पुस्तकावरून शिकले. मदतीला जपानमधल्या कोरियन समाजातली एक नर्तकी होती. त्या समाजातल्या काही शाळांत चोईची पद्धत अजून शिकवतात. उत्तरेचा नाच दक्षिणेत पोचला तो असा, जपानमार्गे!

हो, आणि कोल्हापूरकडची म्हणून तुला एक सांगायचं होतं. १९५३ मध्ये घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला आलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते तुमच्याकडचे मेजर जनरल थोरात. सीमेवरच्या त्या छावणीला 'हिंद नगर' म्हणत. हे स्मरणिकेत नको, पण बाबांना सांग, खूश होतील.

शीर्षक तुझं तू ठरव. आणि वर्गातल्या मोठ्या मुलींना एकदा टाच आधी टेकवून चालायला लाव. तीन मिनिटांत कुरकुर करतील. ती कुरकुर मला कळव.

तुझी,
सुनंदा