बांडुंगहून काकांना पत्र

बांडुंग, इंडोनेशिया

ती. काकांना साष्टांग नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तिकडचं सरकार कडक असेल, म्हणून डाय हाऊसवाले, म्हणजे कापड रंगवणारे, पाणी साफ करून सोडतात." आवाज तुटत होता, म्हणून लिहूनच सांगतो.

सरकार आपल्यासारखंच आहे. इथली चितारुम नदी कापड गिरण्यांच्या सांडपाण्याने वर्षानुवर्षं नासली. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी सैन्य कामाला लावलं, जवानांनी कारखान्यांचे पाइप सिमेंटने बुजवले. धाक बसला, पण जवान जन्मभर पहारा थोडाच देणार! मला जुनी युक्ती जास्त पटली. १९९५ मध्ये इथे प्रदूषण बघून कारखान्यांना रंगांचे दर्जे दिले, सर्वांत चांगल्यापासून सर्वांत वाईटापर्यंत: सोनेरी, हिरवा, निळा, लाल, काळा. आधी फक्त चांगल्यांचं कौतुक जाहीर केलं, बाकीच्यांना डिसेंबरपर्यंत मुदत दिली. काहींनी नाव फुटायच्या आत सुधारणा केली. आपल्या प्रदूषण मंडळानेही २०१७ मध्ये चिमणीच्या धुरावरून स्टार द्यायला सुरुवात केली. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत त्याची चर्चा कधी ऐकलीत का?

तपासणीचं तर विचारू नका. ऑडिटर कारखान्याने निवडायचा, पैसेही कारखान्यानेच द्यायचे, मग अहवाल गोडच येणार. गुजरातेत संशोधकांनी सरकारबरोबर एक प्रयोग केला: ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखे नेमले, फी सामाईक निधीतून दिली, काही अहवाल पुन्हा तपासले. आकडे खरे येऊ लागले आणि कारखान्यांचं प्रदूषणही घटलं.

आमच्या गिरणीत मात्र खरी भीती युरोपच्या गिऱ्हाइकाची. सांडपाण्याचा अहवाल नाही, तर ऑर्डर नाही. पण काका, तुमचे टॉवेल आपल्याच बाजारात जातात, तिथे दुकानदार भाव विचारतो, पाण्याचं कोण विचारतंय? त्यामुळे रात्री ईटीपीची, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या यंत्रणेची, मोटर बंद ठेवून वीज वाचवायचा मोह कुणालाही होतो. मी दोष देत नाही, महिन्याचा हिशेब मीही बघितलाय.

पाणी साफ करून पुन्हा वापरायला तुमच्याकडे दुसरं कारण आहे: पाणीच मिळत नाही. उन्हाळ्यात टँकर घेता, तेच पाणी एकदा वापरून सोडून देता. रंगाच्या टाकीतलं मिठाचं पाणी साफ करणं महाग पडतं, ते खरं. पण शेवटच्या धुण्याचं पाणी बरंच स्वच्छ असतं. ते साठवून पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला घेता येतं. एक टाकी आणि एक पंप पुरेल.

गेल्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं आणि एका घाण्याला किती धुणी लागतात ते व्हॉट्सॲपवर पाठवा. पंपाचे पैसे किती महिन्यांत सुटतात, ते मांडून देतो. काकूंना नमस्कार.

आपला,
संदीप